लिंकनने नावं पुसली, आणि पुन्हा लिहिली

नोव्हेंबर २०१७. लॉस एंजेलिसच्या वाहन प्रदर्शनात फोर्डच्या लिंकन या आलिशान ब्रँडनं मध्यम आकाराची एक एसयूव्ही मांडली. ओकव्हिल, कॅनडा इथल्या त्याच कारखान्यातली, त्याच सांगाड्यावरची, छपराची रेघही तीच. समोरची ग्रिल नवी होती आणि सुरुवातीचं इंजिन बदललं होतं. सगळ्यात मोठा बदल मात्र डिकीच्या झाकणावर होता. आधी तिथे तीन अक्षरं असायची: एमकेएक्स. आता तिथे एक शब्द होता: नॉटिलस.

गाडी बरीचशी तीच आणि नाव वेगळं, असं उदाहरण फार क्वचित हाताला लागतं. एरवी कंपनी नाव बदलते तेव्हा गाडीही मुळापासून बदलते, आणि मग कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. आलिशान गाडीला खरंखुरं नाव असावं की अक्षर-आकड्यांचा संकेत, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी म्हणूनच लिंकनकडे बघावं. या ब्रँडनं दोन्ही वाटा चालून पाहिल्या. नावं होती ती पुसली, दहा-बारा वर्षं अक्षरांवर काढली आणि मग परत नावांकडे वळला. मी स्वतः उत्पादनांची नावं ठरवण्याच्या बैठकांना कित्येक वर्षं बसतो आहे, आणि तिथे 'सरळ दोन अक्षरं आणि एक आकडा देऊन मोकळे होऊ' असं कुणी म्हटलं की मला लिंकनच आठवते.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण या घरात नावाला पहिल्या दिवसापासून वजन होतं. हेन्री लेलंड या माणसानं १९०२ साली कॅडिलॅक उभी केली. डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराचं नाव तिला मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात विमानांची लिबर्टी इंजिनं बनवण्यावरून जनरल मोटर्सशी त्याचं फाटलं. १९१७ साली तो बाहेर पडला आणि त्यानं दुसरी कंपनी काढली. तिला त्यानं अब्राहम लिंकनचं नाव दिलं. लेलंडनं आयुष्यातलं पहिलं मत १८६४ साली लिंकनलाच दिलं होतं. अमेरिकेतले दोन सर्वांत मोठे आलिशान ब्रँड एकाच माणसाच्या हातून झाले, आणि दोन्हींना त्यानं माणसांची नावं दिली. १९२२ साली कंपनी बुडायला आली तेव्हा हेन्री फोर्डनं ती ८० लाख डॉलरना विकत घेतली.

पुढची नावं फोर्डच्या घरात आली. १९३६ ची झेफर, म्हणजे पश्चिमेची मंद झुळूक. मंदीच्या काळात लिंकनला तगवलं ते या बारा सिलिंडरच्या, वाऱ्याला कापत जाणाऱ्या आकाराच्या गाडीनं. त्याच काळात अमेरिकेत स्टेनलेस स्टीलची एक झेफर आगगाडीही धावत होती, त्यामुळे तो शब्द कानाला वेग घेऊनच यायचा. मग कॉन्टिनेंटल. हेन्रीचा मुलगा एडसेल फोर्ड यानं फ्लोरिडाच्या सुट्टीसाठी स्वतःपुरती एक गाडी बनवून घेतली, युरोपीय वळणाची. तिथल्या ओळखीपाळखीच्यांनी ती पाहिली आणि आम्हालाही हवी म्हणून मागे लागले. १९३९ च्या अखेरीस ती बाजारासाठी बनू लागली. १९६१ ची कॉन्टिनेंटल, उलट्या उघडणाऱ्या मागच्या दारांची, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या ताफ्यात गेली. टाउन कार १९८१ पासून स्वतंत्र मॉडेल झाली आणि विमानतळावर माणसं न्यायला येणाऱ्या काळ्या गाडीचं नावच टाउन कार पडलं. १९९८ च्या मॉडेल वर्षाला (अमेरिकेत गाडीचं मॉडेल वर्ष आदल्या शरदातच सुरू होतं) नॅव्हिगेटर आली.

१९९८ साली लिंकनच्या शोरूममध्ये चार गाड्या उभ्या होत्या: टाउन कार, कॉन्टिनेंटल, मार्क एट आणि नॅव्हिगेटर. त्या वर्षी अमेरिकेत १ लाख ८७ हजारांच्या आसपास लिंकन विकल्या गेल्या. कॅडिलॅकनं आधी आपणच पुढे असल्याचं जाहीर केलं होतं. पण डिसेंबरचे आकडे फुगवल्याचं तिला मे १९९९ मध्ये कबूल करावं लागलं आणि पहिला क्रमांक लिंकनकडे आला.

अशा घरानं नावं पुसायला का घ्यावीत?

कारण समोर जर्मन आणि जपानी उभे होते. बीएमडब्ल्यूचे ३, ५, ७. मर्सिडीजचे सी, ई, एस. लेक्ससचे ईएस, जीएस, एलएस. चढत्या भावानं विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या पाठीवर अक्षरं आणि आकडे होते. शब्दांची नावं जुन्या पिढीची, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची वाटायला लागली होती. कॅडिलॅकनं नव्या शतकाच्या सुरुवातीला सेव्हिलची एसटीएस केली, डेव्हिलची डीटीएस केली, आणि नवी गाडी आणली तीच सीटीएस म्हणून. त्याआधी होंडाच्या ॲक्युरानं तोच रस्ता धरला होता. १९८६ साली ॲक्युरा अमेरिकेत आली ती लेजंड आणि इंटिग्रा या दोन गाड्या घेऊन. लेजंड इतकी चालली की माणसं 'माझ्याकडे लेजंड आहे' म्हणायची, 'ॲक्युरा आहे' म्हणायची नाहीत. मॉडेल ब्रँडला झाकून टाकतं आहे, असा अर्थ त्यातून काढला गेला. १९९६ च्या मॉडेल वर्षाला लेजंडची जागा ३.५ आरएलनं घेतली.

मला हा अर्थच मुळात उफराटा वाटतो. तुमच्या एका गाडीचं नाव लोकांच्या तोंडी बसलं आहे ही तक्रार कशी असू शकते? लेकीचं नाव बापापेक्षा मोठं झालं म्हणून कुणी तिचं नाव बदलतं का? पण तेव्हा सगळा उद्योग त्या वाऱ्यात होता, आणि लिंकनही त्यात गेली.

२००५ च्या शरदात लिंकननं एक नवी मध्यम सेडान आणली होती. नाव छान, वारशातलं: झेफर. ती जेमतेम एक मॉडेल वर्ष त्या नावानं विकली गेली. २००७ च्या मॉडेल वर्षाला तिची एमकेझेड झाली. एव्हिएटर या नावानं २००४ च्या डेट्रॉइट प्रदर्शनात दाखवलेली संकल्पना गाडी बाजारात आली ती एमकेएक्स होऊन. मोठी सेडान आली ती एमकेएस, तीन रांगांची लांबोडी गाडी आली ती एमकेटी, आणि २०१४ साली छोटी एसयूव्ही आली ती एमकेसी.

यातल्या 'एमके'चा धागा 'मार्क'शी जोडलेला होता. १९५६ ची कॉन्टिनेंटल मार्क टू ही जवळजवळ १० हजार डॉलरची गाडी होती आणि तिच्यापासून मार्कची एक परंपरा सुरू झाली होती. पण ती परंपराही सरळ नव्हती. १९५८ मध्ये मार्क थ्री झाली, मग फोर, मग फाइव्ह, आणि १९६८ मध्ये कंपनीनं पुन्हा मागे येऊन दुसरी मार्क थ्री काढली. सुरुवातीला लिंकनचं म्हणणं होतं की नव्या नावाचा उच्चार 'मार्क एक्स' असा करावा. पण एक्स म्हणजे रोमन दहा, आणि आधीची गाडी तर मार्क एट होती, मग मधली नववी गेली कुठे? त्यातच टोयोटा जपानमध्ये २००४ पासून मार्क एक्स नावाची सेडान विकत होती. अखेर कंपनीनं सांगितलं की तीन अक्षरं सुटी सुटी म्हणा. वारसा सांगायला घेतलेलं 'एमके' अशा रीतीनं नुसती दोन अक्षरं होऊन राहिलं.

आता ही पाच नावं जरा मोठ्यानं वाचून पाहा. एमकेझेड, एमकेएक्स, एमकेएस, एमकेटी, एमकेसी. पाचातली पहिली दोन अक्षरं तीच. फरक काय तो तिसऱ्या अक्षरात, आणि तिथेही टी आणि सी कानाला सारखे, एस आणि एक्स तर फोनवर वेगळे ओळखू येणं मुश्कील. गॅरेजमध्ये सुट्या भागासाठी फोन केला तर पलीकडचा माणूस विचारणार, 'एक्स म्हणालात की एस?' एक एसयूव्ही, एक सेडान. आणि तिसऱ्या अक्षरात चढण तरी कुठे आहे? एसयूव्हींमध्ये सी सर्वांत लहान, एक्स मधली, टी मोठी. वर्णमालेत टी एक्सच्या आधी येतो. सेडानमध्ये झेड लहान आणि एस मोठी. शोरूममध्ये उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला या अक्षरांवरून एकही गोष्ट कळत नव्हती: गाडी लहान की मोठी, स्वस्त की महाग, सेडान की एसयूव्ही.

अक्षरांचा राग मला नाही. आपल्या गाड्यांवर एमएच-१२ लिहिलेलं असतं, आणि पुण्याच्या माणसाला सोलापूरच्या रस्त्यावर ते दिसलं की गाववाला भेटल्यासारखं वाटतं. ती अक्षरं आणि तो आकडा सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका व्यवस्थेत बसतात आणि ती व्यवस्था कुणी दर दोन वर्षांनी बदलत नाही, म्हणून हे होतं. बीएमडब्ल्यूची ३ मालिका १९७५ पासून आहे. तीनपेक्षा पाच मोठी, पाचपेक्षा सात मोठी, हे शाळकरी पोरालाही कळतं. पोर्शेचं तर उदाहरणच वेगळं. १९६४ साली त्यांनी ९०१ नावाची गाडी काढली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर आपला हक्क आहे म्हणून फ्रेंच कंपनी प्यूजोनं हरकत घेतली, आणि ९११ झाली. साठ वर्षं झाली, तो आकडा हलला नाही. आज ९११ हे जितकं नाव आहे तितकं कुठलंही शब्दाचं नाव नसेल. मर्सिडीजचा ६३ घ्या. १९६८ च्या ६.३ लिटरच्या इंजिनापासून तो आला, पुढे ६.२ लिटरच्या इंजिनावर लागला, मग ४ लिटरच्या, आणि नंतर सी वर्गात दोन लिटरच्या चार सिलिंडर संकरित (हायब्रिड) गाडीवरही तोच ६३ लागला. मोजमाप केव्हाच संपलं, नाव उरलं.

म्हणजे खरं नाव कोणतं आणि संकेत कोणता, हे शब्द की आकडा यावर ठरत नाही. किती वर्षं तेच टिकवलंत यावर ठरतं. लिंकननं साठ-सत्तर वर्षं टिकवलेलं टाकून दिलं, आणि त्या जागी घेतलं ते पाचेक वर्षांत रुजावं अशी अपेक्षा धरली.

दुसरी गोष्ट पुण्या-मुंबईत राहूनही दिसते, लिंकन भारतात अधिकृतपणे विकली जात नसली तरी. सोसायटीच्या फाटकावरचा माणूस सांगतो, 'साहेब, ऑडी उभी आहे खाली', 'मर्सिडीज आली'. ए६ की क्यू५, जीएलसी की जीएलई, हे तो सांगत नाही आणि मालकालाही ते सांगण्याची गरज वाटत नाही. पण टोयोटाची गाडी आली की 'फॉर्च्युनर आली' म्हणतात, महिंद्राची आली की 'थार' किंवा 'स्कॉर्पिओ'. कुणी टोयोटा आली म्हणत नाही. जर्मन ब्रँडच्या बाबतीत वजन घराण्याच्या नावात आहे, म्हणून मॉडेलला अक्षर पुरतं. टोयोटा-महिंद्राच्या बाबतीत वजन मॉडेलच्या नावात आहे, तिथे अक्षरं लावून चालणार नाही. आपण यातले नेमके कोण, हे प्रत्येक ब्रँडनं आरशात बघून ठरवायला हवं.

लिंकननं आरशात बघितलं असतं तर तिला काय दिसलं असतं? माणसं टाउन कार म्हणत होती, कॉन्टिनेंटल म्हणत होती, नॅव्हिगेटर म्हणत होती. घराण्याचं नाव मोठं होतं खरं, पण त्या नावाला माणसांच्या तोंडी धरून ठेवणारे हात या मॉडेलांचे होते. एमकेझेड हे फोर्ड फ्यूजनचं भावंड होतं, एमकेएक्स हे फोर्ड एजचं, एमकेटी हे फोर्ड फ्लेक्सचं. आतून फोर्ड असलेल्या गाडीला वेगळं अस्तित्व द्यायला एक चांगलं नावच तेवढं हाताशी होतं, आणि तेच काढून घेतलं गेलं.

या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा टाउन कारचा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये कॅनडातल्या सेंट थॉमस इथे शेवटची टाउन कार बनली आणि लवकरच कारखानाही बंद झाला. पण अमेरिकेतला भाड्याच्या आलिशान गाड्यांचा सगळा धंदा त्या गाडीवर उभा होता. शोफर, विमानतळावरच्या रांगा, हॉटेलांचे करार, सगळीकडे बोलताना शब्द एकच, टाउन कार. त्यांना द्यायला लिंकनकडे एमकेटी होती. तेव्हा लिंकननं त्या धंद्यासाठी एमकेटीची खास आवृत्ती काढली आणि तिला नाव दिलं 'एमकेटी टाउन कार'. घरगुती गिऱ्हाइकासाठी नुसती एमकेटी, आणि जो माणूस गाडीवर पोट भरतो त्याच्यासाठी मागे जुनं नाव जोडलेली. आपण पुसलेलं नाव लोकांनी पुसलेलं नाही, हे कंपनीनं स्वतःच्या हातानं डिकीवर लिहून दिलं.

२०१३ साली लिंकनची अमेरिकेतली विक्री ८२ हजारांच्याही आत आली. पंधरा वर्षांपूर्वीच्या निम्म्याहून कमी. हे सगळं अक्षरांच्या माथी मारणं मात्र बरोबर नाही. मधे २००८ ची मंदी झाली. लेक्सस आणि जर्मन फार पुढे गेले. लिंकनच्या गाड्या फोर्डपासून वेगळ्या दिसत नव्हत्या. शिवाय एक अवघड गोष्टही इथे मांडायला हवी. विक्री पुन्हा चढायला लागली ती अक्षरं असतानाच. २०१४ साली एमकेसी आली, अभिनेता मॅथ्यू मॅकॉनहेच्या त्या संथ, स्वतःशी बोलणाऱ्या जाहिराती आल्या, आणि २०१५ साली विक्री एक लाखाच्या वर गेली. गाडी चांगली असेल, तिच्याकडे लक्ष वेधलं जाईल, तर वाईट नावही ओझं घेऊन चालतं. पण ते ओझंच असतं. जाहिरातीवर खर्च केलेल्या पैशातला मोठा वाटा 'हे एमकेसी म्हणजे काय' हे समजावण्यात जातो. नॅव्हिगेटरच्या बाबतीत हा खर्च कधी करावा लागला नाही. एक लक्षात घ्या, लिंकननं सगळं बदललं तेव्हाही नॅव्हिगेटरला हात लावला नाही. कॅडिलॅकनंही सगळं बदललं, पण एस्केलेडला हात लावला नाही. दोन्ही घरांतल्या सर्वांत मोठ्या आणि महागड्या एसयूव्हींना त्यांची नावं राहिली, इतर सगळ्यांची गेली. नावं जुनाट असतात असा खरंच विश्वास असता तर सुरुवात तिथून झाली असती.

परतीचा पहिला पाय २०१५ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात पडला. भारतीय वंशाचे कुमार गल्होत्रा तेव्हा लिंकनचे प्रमुख होते. एमकेएसची जागा घेणारी मोठी सेडान दाखवली गेली, आणि तिच्यावर नाव होतं कॉन्टिनेंटल. त्या एका शब्दानं जितकी चर्चा झाली तितकी एमके मालिकेतल्या एकाही गाडीची नव्या रूपात झाली नव्हती. बेंटलीच्या तेव्हाच्या डिझाइन प्रमुखानं तर ही आमच्या गाडीची नक्कल आहे असं जाहीरपणे सुनावलं. बेंटलीकडेही १९५२ पासून कॉन्टिनेंटल आहे, त्यामुळे ते भांडण आणखी रंगलं. भांडायला सुद्धा नाव लागतं.

मात्र कॉन्टिनेंटल तगली नाही. २०१७ साली अमेरिकेत १२ हजारांच्या आसपास विकली गेली, २०१९ पर्यंत ती संख्या सात हजारांच्या खाली आली. ८० व्या वर्षानिमित्त उलट्या दारांच्या ८० गाड्या काढल्या, किंमत लाख डॉलरच्या वर, आणि त्या हातोहात गेल्या. पण २०२० च्या अखेरीस मॉडेल बंद झालं. 'बघा, नाव देऊन काय झालं?' असं म्हणणारे हे उदाहरण पुढे करतात. त्यांना माझं उत्तर इतकंच, की अमेरिकेत त्या वर्षांत सेडानच संपत होती. फोर्डनं एप्रिल २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या सेडान बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. नाव दार उघडून माणसाला आत आणतं. आत आल्यावर त्याला हवी ती गाडीच तिथे नसेल तर नाव काय करणार?

आता २०१७ मधली परिस्थिती पाहू. गाड्यांना नवी रूपं येत होती, एसयूव्ही चार होणार होत्या, आणि त्यांना काय म्हणायचं ते ठरवायचं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला मला तीन वाटा दिसतात.

एक, एमके ठेवायचं पण नीट लावायचं. बीएमडब्ल्यूसारखी पायरी करायची, एमके ३, एमके ५. कागदावर हे सर्वांत स्वस्त. पण जर्मनांनी चाळीस वर्षं आधी बांधलेल्या जिन्याशेजारी आपला नवा जिना उभारायचा, आणि लोकांनी तो शिकावा म्हणून आणखी वीस वर्षं थांबायचं. लिंकनकडे तेवढा वेळ नव्हता.

दोन, फक्त जुनी नावं परत आणायची. झेफर, कॉन्टिनेंटल, टाउन कार, मार्क. वारसा पुरेपूर मिळतो. पण ही सगळी सेडान आणि दोन दारांच्या कूपेंची नावं आहेत. उंच एसयूव्हीवर 'टाउन कार' लावलं तर जुना चाहता दुखावतो आणि नव्याला त्याचा अर्थ लागत नाही.

तीन, टिकलेल्या एका नावाला मूळ धरायचं आणि त्याचं कुटुंब वाढवायचं. लिंकन याच वाटेनं गेली. नॅव्हिगेटर म्हणजे दिशा दाखवणारा. तिथून एव्हिएटर, जुनंच नाव, म्हणजे वैमानिक. मग नॉटिलस, ग्रीक भाषेत खलाशी. आणि एमकेसीची झाली कॉर्सेअर, समुद्री लुटारू जहाज. सगळी नावं प्रवासाची, दूर जाण्याची. २०१८ साली नॅव्हिगेटरला उत्तर अमेरिकेतला वर्षाच्या ट्रकचा पुरस्कार मिळाला होता, तेव्हा ज्याच्या भोवती कुटुंब उभं करायचं ते नाव नेमकं तळपत होतं. मला ही निवड शहाणपणाची वाटते, कारण प्रत्येक नाव वेगळं ऐकू येतं, वेगळं आठवतं, आणि तरी ती एका घरची वाटतात. एमकेझेड आणि एमकेएक्समध्ये घर होतं, माणसं नव्हती.

या वाटेचीही किंमत आहे. कॉर्सेअर लहान की नॉटिलस लहान, हे नावावरून कुणालाही कळत नाही. पायरी शिकवावी लागते. शिवाय प्रत्येक शब्द प्रत्येक देशात नोंदवावा लागतो, आणि तो दुसऱ्या भाषेत काय ऐकू येतो ते तपासावं लागतं. हे काम किती बारकाईचं आहे ते आपल्याकडे टाटांनी २०१६ साली अनुभवलं. 'झिका' नावाची छोटी गाडी तयार होती, जाहिराती सुरू होत्या, आणि त्याच नावासारख्या विषाणूची साथ जगभर बातम्यांत आली. नाव बदलून टियागो करावं लागलं. शब्दांना जगाची हवा लागते. पण अक्षरांनाही वाद चुकत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात महिंद्राच्या 'बीई ६ई'वर इंडिगोनं आपल्या ६ई या संकेतासाठी कोर्टात दाद मागितली आणि महिंद्रानं गाडीला बीई ६ म्हणायचं ठरवलं.

चीनमधली गोष्ट मला फार आवडते. लिंकन तिथे २०१४ च्या अखेरीस उतरली आणि तो तिचा अतिशय महत्त्वाचा बाजार झाला. तिथे या नव्या नावांना त्यांनी ध्वनी जुळवून चिनी लिपीत बसवलं नाही. अर्थ घेतला. नॅव्हिगेटरला दिशादर्शक, एव्हिएटरला वैमानिक, नॉटिलसला दर्यावर्दी, आणि कॉर्सेअरला साहसी माणूस. समुद्री लुटारूतला लुटारू बाजूला झाला, साहस उरलं. अक्षरांच्या नावाला हे करता आलं नसतं. एमकेसीचा अनुवाद काय करणार? ज्याला अर्थ आहे तेच दुसऱ्या भाषेत घर करू शकतं.

बाकी उद्योगाकडे पाहिलं तर वारा फिरल्याचं दिसतं. ॲक्युरानं २००१ साली अमेरिकेत इंटिग्राची आरएसएक्स केली होती. २०२२ साली तिनं इंटिग्रा परत आणली. कॅडिलॅकचं थोडं वेगळं आहे. उद्योगातले एक बडे अधिकारी योहान डी नीशन यांनी २०१२ साली निसानच्या इन्फिनिटी या आलिशान ब्रँडच्या सगळ्या गाड्यांना क्यू आणि क्यूएक्स लावले, मग २०१४ साली कॅडिलॅकमध्ये येऊन सीटी आणि एक्सटी लावले. त्यांचा तर्क प्रामाणिक होता: आधी ब्रँड मोठा करा. ते २०१८ साली कॅडिलॅकमधून बाहेर पडले, आणि त्यानंतर आलेल्या विजेच्या कॅडिलॅकना नावं मिळाली, लिरिक, ऑप्टिक, व्हिस्टिक, सेलेस्टिक. मधल्या काळात कॅडिलॅकनं डिकीवर इंजिनाच्या टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, न्यूटन-मीटरमधला आकडा लावायला सुरुवात केली, तोही जवळच्या पन्नासपर्यंत ओढलेला. अमेरिकेतला गिऱ्हाईक टॉर्क पाउंड-फुटांत मोजतो. मालकालाच वाचता येत नाही तो आकडा त्याच्या गाडीवर कशासाठी?

उलट्या बाजूला ऑडी. तिचा जिना चांगला बांधलेला होता. २०२३ मध्ये तिनं सम आकडे विजेच्या गाड्यांना आणि विषम आकडे इंधनाच्या गाड्यांना असं ठरवलं. त्यात ए४ ची ए५ झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला, आणि जी इंधनाची गाडी ए७ होणार होती ती ए६ म्हणूनच आली. ऑडीनं शब्द फारसे वापरले नाहीत आणि वापरूही नयेत. पण लोकांनी जे लक्षात ठेवलं आहे त्याला धक्का लावला की काय होतं, ते तिनंही पाहिलं.

माझ्यापुरता निवाडा स्पष्ट आहे. ज्या ब्रँडकडे लोकांच्या तोंडी बसलेली नावं आहेत त्यानं ती वापरावीत, आणि नवी गाडी आली तर त्याच घराण्यातला शब्द द्यावा. ज्याच्याकडे दशकानुदशकं न हललेला आकड्यांचा जिना आहे त्यानं तो जपावा. आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्यानं शब्द निवडावा, कारण शब्द शिकवायला एक जाहिरात लागते, जिना शिकवायला एक पिढी.

एमकेझेडचं मात्र राहून गेलं. एक्सला नाव मिळालं, सीला मिळालं, टीची जागा एव्हिएटरनं घेतली, एसच्या जागी कॉन्टिनेंटल आली. ज्या गाडीपासून ही पुसापुशी सुरू झाली ती झेफर मेक्सिकोतल्या हर्मोसियोच्या कारखान्यात जुलै २०२० पर्यंत एमकेझेड म्हणूनच बनत राहिली आणि तशीच बंद झाली. पुढच्या वर्षी लिंकननं खास चीनसाठी झेफर नावाची सेडान दाखवली. चिनी गिऱ्हाईक तिला 'लिंकन झेड' म्हणतात.